सीलिंग अनसेफ, क्लिअर फ्लोअर

"तार मिळाली ना?" मी फाटकातूनच विचारलं.

"मिळाली की साहेब!" मुनीमजी हसत पुढे आले. "पण तुम्हाला कसं कळलं? तार आली त्याच दिवशी कामाला लागलो. वरचा मजला गच्च भरून टाकला. बोट घालायला जागा ठेवली नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती तार मीच केली होती. आणि ती वरचा मजला रिकामा करा म्हणून केली होती.

तेव्हा मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्यात ज्युनिअर इन्स्पेक्टर होतो. हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं. मोठं ऑफिस हैदराबादेत, माझा मुक्काम परभणीत. जिल्ह्यातली जिनिंग, तेलाच्या गिरण्या, सगळं बघायचं. मशीनला जाळी आहे का, माणसांना बाहेर पडायला वाट आहे का, इमारत धड आहे का. मुआयना करायचा आणि रपट लिहायची. माझा अधिकार तिथेच संपायचा. कारखाना थांबवायचा हुकूम फक्त चीफसाहेब देऊ शकत.

सेलूच्या त्या जिनिंगचं नाव लिहीत नाही. ज्यांनी जिनिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. ती काढून नुसती रुई वेगळी करायची, एवढंच जिनिंगचं काम. ते ज्या यंत्रावर होतं त्याला रेचा म्हणतात. या कारखान्यात रेचे वरच्या मजल्यावर होते, दोन रांगांत वीस. प्रत्येक रेच्यावर एक बाई बसून मूठ मूठ कापूस लावायची. सरकी फळ्यांतल्या भोकांतून खालच्या खोलीत पडायची. तिथे दुसऱ्या बाया ती पोत्यांत भरायच्या. इंजिनावरून येणारे चामडी पट्टेही खालच्याच खोलीतून वर जायचे. वरची जमीन लाकडी फळ्यांची. त्या फळ्या आडव्या टाकलेल्या जाड सागवानी तुळयांवर ठोकलेल्या.

दहा-बारा दिवसांपूर्वी मी मुआयन्याला आलो तेव्हा पश्चिमेकडच्या तुळईखाली दोरी ताणून पाहिली होती. मध्ये दोन बोटं झोल निघाला. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथला चुना अर्धचंद्रासारखा फुटला होता आणि भिंतीवर ओलीचा डाग होता. मुनीमजींना मी म्हटलं, "ही तुळई नीट बघावी लागेल. मी वर कळवतो." त्यांनी मान डोलावली, चहा मागवला. रपट घेऊन मी हैदराबादला गेलो.

चीफसाहेबांनी रपट उभ्याउभ्याच वाचली. म्हणाले, "Wire them today. Letter नंतर जाईल. आणि कुलकर्णी, तार short ठेव."

मी तारऑफिसात गेलो. फॉर्मवर आधी लांबलचक मजकूर लिहिला. मग एकेक शब्द खोडत गेलो. 'पश्चिमेकडची तुळई' खोडलं. 'लोअर रूम' खोडलं. 'फॅक्टरी' खोडलं. शेवटी माझा हुद्दाही खोडला. उरलं ते असं: सीलिंग अनसेफ. क्लिअर फ्लोअर इमिजिएटली. लेटर फॉलोज. कुलकर्णी.

मला ते फार नेटकं वाटलं होतं. खालच्या खोलीचं छत धोक्याचं आहे, वरची जमीन ताबडतोब रिकामी करा. यात न कळण्यासारखं काय आहे?

ऑफिसातली दोन-तीन कामं उरकण्यात काही दिवस गेले, पत्र अजून सहीलाच पडलं होतं. मी परतीची गाडी धरली. परभणीला न उतरता तसाच पुढे सेलूला आलो. म्हटलं, काम झालं का ते डोळ्यांनी बघून जाऊ. आणि फाटकात मुनीमजींनी हे सांगितलं.

मी धावत खालच्या खोलीत गेलो. मुनीमजी मागून विचारत होते, "काय झालं साहेब? काय झालं?"

आत धूळ, रुईची पिंजण आणि वीस रेच्यांचा धडधडाट. पाच-सहा बाया सरकी भरत होत्या. मी वर पाहिलं. तुळईचा झोल आता मोजायला दोरीची गरज नव्हती. भिंतीजवळचा चुना गळून खाली त्याचा ढीग पडला होता. तुळईचं टोक भिंतीतून थोडं बाहेर सरकलेलं दिसत होतं. आजवर भिंतीत दडलेलं फिकट लाकूड उघडं पडलं होतं, भाकरी मोडल्यावर आतला भाग दिसतो तसं.

"या बायांना बाहेर काढा. आत्ता," मी ओरडलो. मुनीमजींना अजून काही कळलं नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी बायांना हाकललं. खालच्या बाया सुटल्या. ते सोपं होतं.

वर बावीस बाया होत्या. वीस रेच्यांवर, एक पाणी द्यायला आणि एक त्यांची मुकादम.

वर जायला एकच लाकडी जिना, आणि तो नेमका त्याच तुळईच्या त्याच टोकाला टेकलेला. दुसरी वाट म्हणजे पूर्वेच्या भिंतीतलं माल वर घ्यायचं दार. त्याच्या बाहेर कप्पी होती, कापसाची पोती तिने वर ओढत. ते दार नेहमी मोकळं असायचं. पण माझ्या तारेनंतर कापूस असा भरला होता की त्या दारावर आतून वाशांना लागेपर्यंत ढीग चढला होता. दारापासून मधल्या वाटेपर्यंत आणि तिथून पश्चिमेच्या तुळईपर्यंत कापूसच कापूस.

आमच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की धोका दिसताच माणसांना जवळच्या जिन्याने त्वरित उतरवावं. मी जिन्याकडे निघालो. पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. तो वजीर मिस्त्री होता. इंजिन, पट्टे, सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. साठीचा माणूस, दाढीत रुई अडकलेली.

"नक्को साब," तो कानाशी म्हणाला. "जिना भी नक्को, आणि इंजन एकदम बंद भी नक्को. धक्का बसंल."

"मग?"

"एकेक उतरवतो."

त्याने कोपऱ्यातली लांब काठी घेतली आणि तो त्या छताखालीच गेला. प्रत्येक रेच्याला दोन चाकं असतात. एकावर पट्टा असला की रेचा चालतो, दुसऱ्यावर सरकवला की चाक नुसतं फिरतं, रेचा थांबतो. मिस्त्रीने काठीने पूर्वेच्या कोपऱ्यातल्या रेच्याचा पट्टा अलगद सरकवला. धडधडाटातून एक आवाज कमी झाला. मग थोडा थांबून दुसरा. मग तिसरा. तो इंजिनाकडे बघून कुणाला तरी हाताने खूण करत होता, इंजिनाचा वेग कमी करायला सांगत होता. घाई नाही, चूक नाही. भरल्या घरातून झोपलेल्या माणसांना न उठवता एखादा बाहेर पडावा तसा तो एकेक पट्टा सरकवत पश्चिमेकडे येत होता.

विसावा रेचा गप्प झाला, इंजिन थांबलं आणि तेव्हा पहिल्यांदा मला ती तुळई ऐकू आली. मोठा आवाज नव्हता. सुकी शेंग फुटते तसा टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्.

"खाली कोन हाय?" वरून फळ्यांच्या फटीतून बाईचा आवाज आला.

"मी कुलकर्णी. इन्स्पेक्टर. वर कोण?"

"मी सुंदरा. मुकादम." आवाज शांत होता. "साहेब, तुळई बोलायलीय."

"मला ऐकू येतंय. बाई, तुम्ही सगळ्या..."

"बाया जिन्यानं उतरणार न्हाईत," ती माझं बोलणं तोडून म्हणाली. "मी कुनालाच हलू दिलं न्हाई. सगळ्या भितीला धरून उभ्या हायेत. मधी कोनीच न्हाई."

मी म्हटलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"पंधरा दिस झाले. पयलं प्यायचं पानी सांडलं की दाराकडं वाहायचं. आता तुळईकडं जायलंय. मुनीमजीला सांगितलं व्हतं. म्हनले, सीझन होऊ दे."

मुनीमजी माझ्या शेजारीच उभे होते.

मी दोरी ताणून, टेप लावून, तासभर वही काळी करून जे काढलं होतं, ते या बाईने सांडलेल्या पाण्यावरून काढलं होतं. माझ्याही आधी.

"बाई, तुम्ही कुठे उभ्या आहात?" मी विचारलं.

"तुळईवर. टोकाजवळ."

"भिंतीला जा!"

"मग तुमाला कोन सांगल?" ती म्हणाली. "माझ्या तळव्याला कळायलंय. जरा हललं तरी कळायलंय. तुमाला खालून दिसनार न्हाई. मी हितंच राहते."

तिची जमीन आणि माझं छत म्हणजे एकच चार बोटं जाडीच्या फळ्या होत्या. ती त्यांच्यावर अनवाणी उभी होती, मी त्यांच्याखाली. मला खालून फक्त तिचा आवाज येत होता, आणि फटीतून मधूनच लुगड्याच्या निळ्या काठाची एक रेघ दिसत होती.

वजीर मिस्त्री भिंतीपाशी जाऊन तुळईच्या टोकाकडे बघत होता. परत आला आणि म्हणाला, "गाठी."

शेजारच्या शेडमध्ये रुई दाबायचं प्रेस होतं. दाबून, लोखंडी पट्ट्या आवळून बांधलेली रुईची गाठ म्हणजे कापसाचा दगडच. दोन माणसांएवढं वजन. मिस्त्रीने हिशेब हातानेच दाखवला. दोन गाठी आडव्या, त्यावर दोन उभ्या, पुन्हा दोन आडव्या. टोकाच्या अगदी जवळ. चौथऱ्यासारखा खांब तुळईपर्यंत रचायचा.

सहा हमाल होते. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की ज्याला आत यायचं नाही त्याने येऊ नये. एकही मागे हटला नाही. एकाने फक्त विचारलं, "वर माझी बायकू हाय. कुठून उचलायचं ते सांगा." गाठी लोटायला माणसं कमी पडत होती. मी कोट काढला. मुनीमजींनी डोक्यावरची काळी टोपी काढून खिशात घातली, धोतर खोचलं आणि गाठीला खांदा लावला. त्यांचा खांदा कधी कशाला लागला नसावा. पहिल्याच गाठीला त्यांच्या हाताची सालटं निघाली. ते थांबले नाहीत.

गाठ आत आली की मिस्त्री बोटाने जागा दाखवायचा. आपटायची नाही, ठेवायची. वरच्या थरांसाठी फळ्यांचा उतार केला आणि दोर लावून गाठी चढवल्या. प्रत्येक थर झाला की मी वर विचारायचो, "बाई?"

"हाय तसंच हाय," वरून उत्तर यायचं. एकदा मात्र ती झटकन म्हणाली, "थांबा!"

सगळे जिथल्या तिथे थांबले. कमरेएवढ्या उंचीवर एक गाठ चार माणसांच्या हातावर. टक्. टक्. मग काहीच नाही.

"आता ठेवा," ती म्हणाली.

त्या मधल्या वेळात वर एक तरणी बाई रडायला लागली. सुंदराबाईने तिला दरडावलं नाही. तिने एकेकीचं नाव घ्यायला सुरुवात केली. "गोदा?" "हाय." "चंद्रभागा?" "हाय." "थोरली पारू?" "हाय." मी छताखाली उभा राहून ऐकत होतो. एकवीस नावं, एकवीस वेळा हाय. कुठला आवाज जाड, कुठला घाबरलेला, एक म्हातारा खोकत आलेला. एवढं झाल्यावर रडण्याचा आवाज थांबला होता. सरकारी नोकरीत मी पुष्कळ हजेऱ्या घेतल्या आणि पुष्कळ पाहिल्या. अशी हजेरी पुन्हा ऐकली नाही.

गाठींचा खांब तुळईपासून वीतभर खाली राहिला. तिथे मिस्त्रीने बाभळीच्या पाचरी घेतल्या. पाचर म्हणजे एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता होत गेलेला लाकडाचा तुकडा. दोन पाचरी एकीवर एक उलट्या ठेवायच्या आणि दोन्हीकडून आत सारायच्या, म्हणजे त्यांची उंची केसाकेसाने वाढते. त्याने त्यांना ग्रीस फासलं. मोगरीला गोणपाट गुंडाळलं. मग गाठींच्या खांबावर पोटावर पालथा पडून, तुळईखाली डोकं घालून तो हलके ठोके देऊ लागला. ठोका देताना तो वर बोलत होता, "बाई, बोलते राहा."

"जड हाय... जड हाय... आता हलकं लागायलंय... हां, हलकं... थांबा! डावीकडं उचलायलंय."

मला खालून काही दिसत नव्हतं. तुळई जशी होती तशीच दिसत होती. मिस्त्रीने पट्टी लावून पाहिली. डावी पाचर उजवीपेक्षा फार तर जोंधळ्याच्या दाण्याएवढी जास्त आत गेली होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हौ साब. बाईचा पाय सही बोलतो." त्याने डावी पाचर तेवढीच मागे घेतली.

ठोके थांबले. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. बराच वेळ टक् आलं नाही.

आता दार. हमालांनी बाहेरून शिडी लावली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, हे नशीब. दोघांनी फळी दूर केली आणि कापसाचा लोंढा अंगणात कोसळला. मिस्त्रीने खालून ओरडून सांगितलं की वरचा कापूस आधी ओढा, तळाचा नंतर. लांब काठ्यांनी, हातांनी कापूस ओढत होते आणि तो खाली पडत होता. दाराखाली घराएवढा ढीग झाला. जितका ढीग अंगणात वाढला, तितकं ओझं तुळईवरून उतरलं आणि तितकी वाट मोकळी झाली. एकाच कामात दोन्ही कामं. हे आधी कुणाच्या डोक्यात आलं ते मी नंतर विचारलं. मिस्त्री म्हणाला बाईच्या. बाई म्हणाली मिस्त्रीच्या.

दारात पहिली बाई दिसली. खाली बघून ती थबकली. आतून आवाज आला, "गोदा, बस आन् सोड." तिने लुगडं सावरलं, दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि अंग सोडलं. कापसात कमरेपर्यंत बुडाली. लोकांनी तिला ओढून काढलं. मग दुसरी. मग तिसरी. फाटकाबाहेर एव्हाना अर्धा बाजार जमला होता, पण आवाज नव्हता. उन्हात पांढराशुभ्र ढीग, आणि वरून एकामागून एक बाया उतरताहेत, डोक्याला रुई, भुवयांना रुई. थोरली पारू नावाची म्हातारी दारात बसून म्हणाली, "मी न्हाई बाई, या वयात काय हे." तिला मागून कुणीतरी ढकललं. ती पडता पडता शिव्या देत आली, आणि तेव्हा पहिल्यांदा अंगणात कुणीतरी हसलं.

मी मोजत होतो. एकवीस झाल्या. बाविसावी आली नाही.

"बाई!" मी ओरडलो.

ती दारात आली. चाळिशीची, किडकिडीत, उंच. निळ्या काठाचं लुगडं. दोन्ही तळवे तिने आधी उंबऱ्यावर पुसले आणि मग ती उतरली. उभी राहिली आणि विचारलं, "खालचे समदे भाईर आले का?"

तिच्या डोक्यात हा प्रश्न होता. मी होकारार्थी मान हलवली.

बाया अंगणातल्या लिंबाखाली बसून भाकरीच्या दुरड्या सोडू लागल्या. मिस्त्री पटाशी घेऊन भिंतीकडे गेला आणि तुळईच्या टोकाभोवतीचा चुना काढला. मला हाक मारून त्याने पटाशी लाकडात टेकवली. दाबली नाही, टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली. छपराची गळती किती वर्षं त्या भिंतीत मुरत होती कोण जाणे. टोकाचं सागवान आतून ओल्या भुश्शासारखं झालं होतं. बाहेरच्या बाजूची दोन बोटं जाडीची साल तेवढी धड होती, आणि तीही विटेवर जेमतेम टेकलेली. वीस रेचे, शेकडो मण कापूस आणि बावीस बाया एवढ्यावर होत्या.

मग मुनीमजी आले. त्यांच्या हातात माझी तार होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या.

"साहेब, ही तुमची?"

"माझीच."

ते ओट्यावर बसले. "हैदराबादेत आमच्या शेटजींचा एक माणूस आहे. बाजाराच्या बातम्या कळवतो. त्याचंही आडनाव कुलकर्णी."

मराठवाड्यात गावागणिक कुलकर्णी.

"आणि यातले शब्द," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा."

त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या काळात दिल्लीचं सरकार कापसाचा भाव दोन्ही बाजूंनी बांधून ठेवायचं. या भावाच्या वर विकायचं नाही, त्या मर्यादेला सीलिंग म्हणायचे. या भावाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्याला फ्लोअर. सेलूच्या बाजारात हे शब्द हमालाच्याही तोंडी होते. मग 'सीलिंग अनसेफ' म्हणजे काय? वरची मर्यादा टिकत नाही, सरकार ती उठवणार, भाव चढणार. 'क्लिअर फ्लोअर इमिजिएटली' म्हणजे फ्लोअरच्या भावात जेवढा माल मिळेल तेवढा ताबडतोब उचला. 'लेटर फॉलोज', म्हणजे आतली बातमी आहे, तारेत लिहिता येत नाही.

"मी तीन वेळा वाचली," मुनीमजी म्हणाले. "एकदाही इमारत मनात आली नाही. तुम्ही मुआयना करून गेला होता, तरी आली नाही."

मी तारेकडे बघत होतो. त्यांचा अर्थ चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या अर्थापेक्षा त्यांचा अर्थ त्या शब्दांना जास्त नीट बसत होता. मी मात्र 'सीलिंग' लिहिताना माझ्या डोक्यावरचं बघत होतो आणि 'फ्लोअर' लिहिताना त्या बायांच्या पायाखालचं. वाचणारा कुठे उभा आहे ते पाहिलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आधी वरचा सगळा कापूस उतरला. आम्ही अंगणात होतो. आतून एक खोल, सावकाश आवाज आला, जड दार ओढून घ्यावं तसा. मिस्त्री म्हणाला, "गया." आम्ही दारातून पाहिलं. तुळईचं टोक भिंतीतून सुटून, पाचरी निसटून, गाठींच्या खांबावर वीतभर खाली बसलं होतं. जिना आडवा झाला होता. गाठी जागच्या हलल्या नव्हत्या. बायांनी आपापल्या ठिकाणाहून ते पाहिलं. थोरल्या पारूने नुसते हात जोडले, तुळईला की गाठींना ते मला कळलं नाही.

पुढचं थोडक्यात. मी रपटीत सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझ्या तारेसकट. चीफसाहेबांनी ती बसून वाचली. मग म्हणाले, "कुलकर्णी, short ठेव म्हणालो ते मीच." रपटीत तेही लिहून त्याखाली त्यांनी स्वतः सही केली. कारखाना सहा आठवडे बंद राहिला. तुळया बदलल्या, पश्चिमेला दगडी जिना झाला, पूर्वेच्या दारासमोर माल ठेवायचा नाही अशी पाटी लागली. शेटजींनी बंद काळातली मजुरी बायांना दिली. त्यासाठी मुनीमजी भांडले, हे मला मिस्त्रीकडून कळलं. परभणीच्या तहसीलदारसाहेबांना मी हा किस्सा सांगितला तर ते म्हणाले, "बरं झालं आमच्याकडे नाही आली ती तार. आम्ही कुणाची जमीन सीलिंगच्या वर जाते ते मोजायला निघालो असतो."

कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा मी मुआयन्याला गेलो. सुंदराबाई वर रेच्यांच्या रांगेत फिरत होती. मी तिला विचारलं, "बाई, समजा अशी चिठ्ठी तुम्हाला लिहायची असती, तर काय लिहिलं असतं? एकच चिठ्ठी, आणि वाचणारा कोण ते माहीत नाही."

तिला लिहिता येत नव्हतं. ती शेजारच्या रेच्यापाशी थांबली. मग म्हणाली, "लिवा. जिन्याकडचं लाकूड मोडायलंय. त्याच्या खालची मानसं भाईर काढा. वरची मानसं भितीकडून उतरवा. मग जेवा."

मी ते वहीत उतरवून घेतलं. पुढे नोकरीभर, कुठल्याही भाषेत नोटीस लिहायची असली की आधी ते वाचत असे आणि तशीच लिहीत असे. कोण, कुठे, काय मोडतंय, कुणाला कुठून काढायचं. माझ्या तारा लांब झाल्या आणि त्याबद्दल ऑफिसाने दोनदा लेखी खुलासाही मागितला. पण त्यातल्या एकीचाही कुणी उलटा अर्थ लावला नाही. तिच्या मजकुरातलं 'मग जेवा' तेवढं मी गाळत असे. सरकारी कागदात ते बसत नव्हतं.